पाव इंच

दुमिंगने हेराल्डचं अख्खं तोंड उचलून पुढे पाडलं,
दिव्यांसकट, मडगार्डांसकट,
आणि उघड्या पडलेल्या टायरवर बसला
ओट्यावर बसावं तसा.
"बाय, तू आत बस. मी सांगीन तेव्हा दाब."

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
समोर पूर्वी स्प्रिंगांचा कारखाना होता,
आता लग्नाचा हॉल आहे,
भरदुपारी कोणीतरी माइक तपासतंय, हॅलो, हॅलो.

गाडीचं दुखणं मी तोंडपाठ सांगितलं:
पहिला पडताना खरखरतो, रिव्हर्स तर दात खातो,
तीन हात नाक्याला पेडल तळाला टेकवूनही
गाडी पुढे सरकत राहते,
पुढचा रिक्षावाला दोनदा मागे वळून बघतो.
आणि कोणी विचारलं नव्हतं तरी हेही सांगितलं
की मी क्लचवर पाय ठेवून चालवते,
असं श्रीरंग म्हणतो.
श्रीरंग म्हणजे भाऊ.
कशेळीच्या पुलावर गाडी बंद पडली तेव्हा पहिल्यांदा म्हणाला,
मग आईसमोर, मग माझ्या लग्नात,
मग त्याच्या मुलांनी पाठ केलं:
आत्याने क्लच जाळला.

दुमिंगने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.
"जळलेला घसरतो. धरत नाय.
हा सोडत नाय.
दोन आजार वेगळे. चल, हँडब्रेक ओढ,
चौथा टाक, आणि पाय सोड."
सोडला.
इंजिन एक आचका देऊन जागच्या जागी मेलं.
"बघ. प्लेट धरते. चांगली धरते."
एवढंच म्हणाला आणि पाना शोधायला वळला.
मी स्टिअरिंग धरून बसून राहिले.

मग तेल. बाटलीत काठोकाठ.
खालच्या सिलिंडरचं रबर कोरडं,
नळीतून एक बुडबुडा नाही.
मग इंजिन बंद ठेवून
पुढच्या पुलीला त्याने अंगठा टेकवला.
दाब.
सोड.
दाब.
क्रँक पुढे सरकला असता
तर इंजिन उतरवायचं, म्हणजे माझी निम्मी ग्रॅच्युइटी.
काचेतून मला फक्त त्याची टोपी दिसत होती.
"नाय हलत."

शेवटी तो खाली शिरला, पोलादी पट्टी घेऊन.
दाब. सोड. परत दाब.
"तुझा पाय पुरा जातो.
इथे दांडी पुरी येत नाय.
पाव इंच मधेच कुठे राहतो."

पाव इंच!
ह्याच इस्टेटीत सत्तावीस वर्षं मी माल तपासला,
मायक्रॉनसाठी पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या.

तो माझ्या पायांशी आडवा झाला, टॉर्च दातांत,
पेडलच्या मुळाशी हात घातला
आणि एक पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली.
करंगळीच्या पेरापेक्षा लहान,
मधोमध झिजून कंबर आलेली.
ती ज्या भोकात बसायची ते गोल उरलंच नव्हतं,
भोपळ्याच्या बीसारखं लांबट.
"हे पाय ठेवून होत नाय, बाय.
हे नुसतं चालवून होतं. कोणी का चालवीना."

रोड नंबर बावीसला एक लेथ अजून चालतं.
तिथल्या पोराने भोक भरून पुन्हा पाडलं, नवी पिन उतरवली,
मी व्हर्नियर मागून घेतला आणि स्वतः मोजलं.
तीनशे वीस रुपये, तिघांचा चहा धरून.

नितीन कंपनीच्या सिग्नलला पहिला पडला,
पडल्याचं कळलंसुद्धा नाही.
गाडी उभी राहिली, उभीच राहिली.

जुनी पिन बिलात गुंडाळून पर्समध्ये.
श्रीरंग ऐरोलीला राहतो.
कळव्याचा पूल संपेपर्यंत
त्याला काय ऐकवायचं ते शब्दन् शब्द ठरलं होतं.
दिघ्याला दिवा लाल झाला.
न्यूट्रल केलं, आणि सहज खाली बघितलं:
डावा पाय पेडलवर नव्हता,
बाजूला होता, रबरी चटईवर,
टाच एका खळग्यात बसलेली.
जुना खळगा. कडा गुळगुळीत.
माझ्या टाचेच्या मापाचा.